शेपटी कापलेला फोटो

(दृश्य: वेंगुर्ल्यातल्या घराची पडवी, बाकावर पत्र्याचा डबा)

हा डबा तात्यांचा. बिस्किटांचा आहे, कडेने गंज चढलाय, उघडला की अजून डांबरगोळीचा वास येतो. तात्या म्हणजे माझे मोठे काका, नेव्हीत होते, दाबोळीला विमानांच्या मेंटेनन्सला.

मला विमानांचं खूळ लागलं ते ह्या डब्यामुळेच, पण ह्यातला हा एक फोटो बघून मी कायम चिडायचो. सात जण, एकमेकांच्या खांद्यावर हात, दोघं तर नुसत्या बनियनवर, आणि मागे विमान. पंख वर दुमडलेत, आणि इंजिनाचं तोंड शेपटीत नाही, पंखाच्या मुळाशी बाजूला आहे, म्हणजे सी हॉक, जुन्या विक्रांत ह्या विमानवाहू नौकेवरचं लढाऊ जेट. १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ला करायला गेलेली हीच. पण त्यातलं हे कुठलं? नंबर असतो मागे शेपटीकडे, आणि फोटो काढणाऱ्याने नेमकी शेपटीच बाहेर ठेवलीय!

मी असं कधी करणार नाही म्हटलं.

(दृश्य: आकाशात डकोटा)

हा माझा फोटो. दिल्लीजवळ हिंडनला, एअर फोर्स डेला काढलेला. डकोटा, म्हणजे जुनं पंख्याचं मालवाहू विमान, नंबर व्हीपी ९०५, नाव परशुराम. आता कोकणातल्या माणसाने हे नाव वाचून लेन्स खाली कशी ठेवायची सांगा, लोटे परशुरामच्या घाटातून आयुष्यभर एसटीने गेलोय. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरला उतरली, तिचा नंबर ह्या विमानाला दिलाय. विमान तेच नाही, हे दुसरं, इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत उडत भारतात आलेलं.

जेटचा फोटो काढताना कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंद ठेवा, काही बिघडत नाही. पण पंख्याच्या विमानाला तेवढं ठेवलं की पाती थिजतात आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. म्हणून १/१२५ वर यायचं आणि विमानाबरोबर कमरेतून वळत राहायचं, श्वास धरून. शंभरातले नव्वद फोटो हललेले निघतात, माझे तर पंच्याण्णव. हा एक जमला. पाती फिरताना दिसतायत आणि नंबर वाचता येतो.

(दृश्य: गोव्यातला बोगमाळो रस्ता, नेव्हल एव्हिएशन म्युझियम)

न उडणारी विमानं बघायची तर आपल्याला इथे यायचं. १९९८ पासूनचं हे म्युझियम. सी हॉक आहे, अलिझे आहे, सी हॅरियर आहे, आणि ती लांबलचक सुपर कॉन्स्टेलेशन, आधी एअर इंडियाची होती. सगळी उघड्यावर, पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात. इथे सकाळी लवकर या, दुपारी पत्रा इतका चमकतो की रंग उडालेलासुद्धा दिसत नाही.

आता डब्याकडे. मागच्या पावसात सगळे फोटो स्कॅन करायला घेतले कारण बुरशी धरायला लागली होती, आमच्याकडे लेन्सला धरते तर कागदाचं काय. त्या ग्रुप फोटोच्या मागे तात्यांनी बॉलपेनने दाबून नावं लिहिलेली, त्यातलं एक नाव उमटून पुढे एकाच्या गालावर आलंय. पेन्सिलने लिहायचं असतं, पण तेव्हा कोण सांगणार.

स्कॅन केलेला फोटो माजी नेव्हीवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, विमानाचा नंबर कुणाला माहितीये का. नंबर कुणीच सांगितला नाही. रात्री केरळातून एका बाईंचा मेसेज आला. उजवीकडून तिसरे माझे वडील, ते ह्या वयाचे असतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, मोठा करून पाठवाल का. ज्यांच्या गालावर शाई आली होती, तेच.

(दृश्य: तात्या, हातात मोबाईल)

तात्यांना मेसेज वाचून दाखवला, मग माझी डकोटा पण दाखवली, म्हटलं बघा, नंबर कसा आलाय. त्यांनी चष्मा वर केला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"झक्कास. पण माणसा खय आसत रे ह्यात?"

मी फोटो मोठा करत गेलो. कॉकपिटच्या काचेत एक पांढरा ठिपका सापडला. हेडसेट लावलेलं डोकं असेल, नाहीतर नुसतंच ऊन.