गरुड : दोन हवाई दलं, एक आकाश

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला माँ-द-मार्सां इथे फ्रेंच हवाई दलाचा तळ आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपली सुखोई-३० विमानं तिथे उतरली, ती 'गरुड' या संयुक्त सरावाच्या आठव्या फेरीसाठी. जाताना सोबत इंधन पुरवणारी आयएल-७८ होती आणि सामान, माणसं वाहून नेणारं सी-१७.

या सरावाची सुरुवात २००३ साली ग्वाल्हेरला झाली. तेव्हापासून तो आळीपाळीने भारतात आणि फ्रान्समध्ये होतो. २०२२ मध्ये जोधपूरला दोन्ही देशांची राफेल एकत्र झेपावली, जोडीला आपलं तेजसही. त्या वेळी आपले हवाई दल प्रमुख विवेक राम चौधरी यांनी राफेलमधून उड्डाण केलं, तर फ्रान्सचे प्रमुख स्तेफान मिल यांनी सुखोईतून.

या सगळ्यात खरा कस लागतो तो हवेत इंधन भरताना. टँकरच्या, म्हणजे इंधन देणाऱ्या विमानाच्या, पंखाखालून लांब नळी सुटते, तिच्या टोकाला एक बास्केट. राफेलच्या नाकाच्या उजव्या अंगाला इंधन घेण्यासाठी कायम बाहेर असलेला दांडा आहे. सुखोईचा डावीकडे, गरजेपुरता बाहेर येणारा. तो नेमका बास्केटमध्ये बसवायचा, तेही ताशी शेकडो किलोमीटर वेगात. बास्केट हवेच्या झोताने डुलत असते. तिच्यावरच नजर खिळवली, की वैमानिक तिच्यामागे भरकटत जातो. म्हणून नजर टँकरवर ठेवायला शिकवतात.

ही सवय प्रत्यक्षात किती उपयोगी पडते, ते जुलै २०२० मध्ये दिसलं. भारताची पहिली पाच राफेल अंबाल्याकडे निघाली, तेव्हा वाटेत त्यांना फ्रेंच टँकरने इंधन दिलं.

सरावातल्या हवाई लढतीत क्षेपणास्त्र प्रत्यक्षात सुटत नाही. कोणी कोणाला 'पाडलं' याचा निवाडा जमिनीवर, डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या आढावा बैठकीत होतो. नोंदी पडद्यावर पुन्हा चालवतात: रडारवर कोण आधी दिसलं, वळण कुठे उशिरा घेतलं, रेडिओवरचा कोणता शब्द समोरच्याला कळलाच नाही. कोणती यंत्रणा वापरायची, कोणती नाही, याची बंधनं आधीच ठरलेली असतात. त्यामुळे 'अमुक देश जिंकला' अशा मथळ्यांवर विसंबू नये. वैमानिकांना त्या खोलीत हवं असतं ते एवढंच: नेमकं काय चुकलं आणि उद्याच्या उड्डाणात ते कसं टाळायचं.