लाकडाच्या मागे मागे : मोरवाँचं जंगल ते क्लामसी

[पहाट. धुक्यात उभी झाडं. संगीत नाही, फक्त चाकांचा आवाज.]

आधी हा आवाज ऐका.

डांबरावर सायकल मुकाट्याने जाते. इथे ती बोलते. कोरड्या मुरमावर करकर, ओल्या पाचोळ्यावर दबकी सरसर, आणि मध्येच टायरच्या कडेखालून टिचकी मारल्यासारखा उडालेला एखादा खडा.

हा मोरवाँ. पॅरिसच्या आग्नेयेला, बरगंडीच्या ऐन मधोमध, जुन्या ग्रॅनाइटचा डोंगराळ मुलूख. सगळ्यांत उंच माथा ओ-फोलाँ, 901 मीटर. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे एक मोठा घाट चढून मोकळं होता येत नाही. चढ, लगेच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ. दिवस मावळेपर्यंत हेच. मांड्यांना सगळा हिशोब कळतो.

[जवळून : टायरच्या खाचांत अडकलेली पिवळसर जाड वाळू.]

हे बघा. पावसापाण्यात पिढ्यान्‌पिढ्या झिजून ग्रॅनाइटचा असा भुगा होतो. बोटांत चुरडला तर अभ्रकाचे कण चमकतात. आपल्याकडच्या माणसाने याला बघताक्षणी मुरूमच म्हटलं असतं. आपला मुरूम काळ्या बेसॉल्टचा, हा ग्रॅनाइटचा, एवढाच काय तो फरक. त्यावर 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे टायर घालायचे आणि हवा जरा कमी ठेवायची. टायर दगडावर आपटण्याऐवजी त्याच्यावरून वळसा घेऊन जातं आणि मनगटांना संध्याकाळी त्रास होत नाही. ग्रॅव्हल बाईक म्हणतात ती हीच. हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र कच्च्या रस्त्याचे.

पण या वाटा सायकलवाल्यांसाठी कुणी केल्या नाहीत. त्या लाकडासाठी झाल्या. आजचा सगळा प्रवास त्या लाकडाच्या मागे मागे आहे. ओंडका जिथून निघायचा तिथून निघायचं आणि तो वाहत जिथे पोचायचा तिथे, योन नदीकाठच्या क्लामसी गावी, पोचायचं.

[बीचच्या झाडांतून जाणारी रुंद वाट. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या.]

ही सरळ सरळ गाडीवाट आहे. मोरवाँमध्ये बैलगाडी हाकणाऱ्यांची एक जमातच होती. त्यांना गाल्व्हाशे म्हणत. वसंत ऋतूत बैलजोडी घेऊन घर सोडायचं, दूरदूरच्या जंगलांत लाकूड ओढायचं आणि थंडीच्या तोंडावर परतायचं. आनो नावाच्या गावात त्यांच्या आठवणी जपणारं एक संग्रहालय आहे. बाप असा बाहेर, आणि कित्येक घरांतली आईसुद्धा पॅरिसला, श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला दाई म्हणून गेलेली. लाकूड गेलं, माणसं गेली, दूधही गेलं. या डोंगराने पॅरिसला काय काय दिलं, ते या वाटांवरून जाताना सतत मनात राहतं.

आणि हा अंधार बघा. आत्तापर्यंत बीच आणि ओक होते, पानांतून हिरवा उजेड खाली येत होता. एका वळणावर तो विझला. इथून डग्लसचं रान. हा सूचिपर्णी वृक्ष उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीने इथे त्याची लागवड झाली, कारण तो भराभर आणि सरळसोट वाढतो. रांगेत उभी खोडं, खाली सुया, पाखरांचा आवाज तुरळक. आणि मग एकदम उघडं आभाळ. अख्खा उतार एका झटक्यात तोडलेला, खाली फक्त बुंधे आणि यंत्रांच्या चाकांचे चर. ते बघून पोटात कालवतं. मोरवाँमध्ये याच्यावरून बरीच वर्षं वाद चालू आहे. 2003 साली इथल्या काही लोकांनी एकत्र येऊन, माणशी थोडे थोडे पैसे घालून, रुंद पानांच्या जंगलाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. तोड होण्याआधी जंगल आपल्याच नावावर करून ठेवायचं. मला हा मार्ग मनापासून पटतो.

एक काळजी मात्र घ्या. शरद ऋतूपासून हिवाळाभर इथे शिकारीचा हंगाम असतो. वाटेच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली की मुकाट्याने दुसरी वाट धरा. भडक रंगाचं जाकीट घालाच.

[ओलसर गवत. त्यातून झिरपणारं पाणी. सायकल झाडाला टेकवलेली.]

प्रेनले डोंगराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून 700 मीटरच्या वर, ही एवढीशी धार. ओंजळीत मावेल इतकी. ही योन नदी. पुढे 290 किलोमीटरहून जास्त वाहून ती सीनला मिळते आणि तिचं पाणी पॅरिसच्या पुलांखालून जातं. समोरच ब्यूव्रे डोंगर. त्याच्या माथ्यावर एदुई या गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या, जमातीची राजधानी होती, बिब्राक्त. इसवी सनापूर्वी 52 मध्ये गॉल टोळ्यांनी इथेच वर्सिंजेतोरिक्सला आपला सेनापती मानलं, आणि त्याला हरवल्यावर रोमन सेनापती सीझरने हिवाळा काढला तोही इथेच. सायकल खाली ठेवून पायी वर गेलात तर बीचची विलक्षण पिळवटलेली झाडं दिसतील. एके काळी कुंपणासाठी फांद्या वाकवून, गुंफून ठेवलेल्या. पुढे कुंपणाकडे कुणी बघेना, झाडं मात्र वाढत राहिली. वाकवलेली फांदीच आता मांडीएवढी जाड झाली आहे.

आता गोष्ट ओंडक्यांची.

सोळाव्या शतकात पॅरिसभोवतीची जंगलं तुटत आली. शहराला चूल पेटवायला, थंडीत ऊब धरायला लाकूड हवं. मोरवाँत लाकूड उदंड, पण ते न्यायचं कसं? उत्तर ओढ्यांनी दिलं. हिवाळ्यात झाडं तोडायची, 1.14 मीटर लांबीचे ओंडके करायचे आणि प्रत्येकाच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण ठोकायची. मग ते ओढ्याच्या काठाशी रचून ठेवायचे. वरच्या तळ्यांत पाणी अडवलेलं असायचं. ठरल्या दिवशी दारं उघडायची आणि त्या सोडलेल्या पुरात ओंडके सुटे, बेवारशासारखे ढकलून द्यायचे. काठाकाठाने माणसं, बायका, पोरं लांब आकड्या घेऊन धावायची. कुठे ओंडका अडकला की ढोसून पुन्हा प्रवाहात.

क्लामसीला सगळे ओंडके बाहेर काढून खुणांप्रमाणे वेगळे व्हायचे. मग वेली-फांद्यांनी बांधून त्यांचे तराफे. एकेक तराफा 72 मीटर लांब. त्यावर एक माणूस आणि बहुतेक वेळा हाताशी एक पोरगा. बंधाऱ्यांच्या अरुंद दारांतून, पुलांच्या कमानींखालून ते पॅरिसपर्यंत न्यायचं. पोचलं की तराफा सुटायचा, लाकूड विकलं जायचं, आणि तो माणूस दोनशे किलोमीटर पायी घरी यायचा. पुढच्या तराफ्यासाठी.

शेजारच्या क्यूर नदीवरचा सेत्तों तलाव याच कामासाठी बांधला. 1858 साली तो वापरात आला. आज तिथे लोक होड्या चालवतात, काठाने सायकली फिरवतात. ते धरण ओंडके ढकलायला बांधलं होतं, हे किती जणांना ठाऊक असेल!

[जंगलातलं छोटं दफनस्थान. क्षणभर शांतता.]

ऊरू गावाजवळच्या रानात इथे थांबायलाच हवं. नाझींशी लढलेले फ्रेंच भूमिगत सैनिक आणि विमानासकट पडलेले ब्रिटिश वैमानिक शेजारी शेजारी निजले आहेत. 1944 साली याच वाटा त्यांना लपायला होत्या.

[पाण्याचा अरुंद पाट. काठावरून जाणारी सपाट वाट.]

आणि आता या सगळ्या मार्गातला माझा सर्वांत लाडका तुकडा. पानसिएर धरण 1949 साली पुरं झालं. पॅरिसला पुरापासून वाचवणं हे त्याचं मुख्य काम. त्याच्या पायथ्यापासून योनच्या पाण्याचा एक पाट निघतो. नावा चालणाऱ्या निव्हर्ने कालव्याच्या सर्वांत उंच भागाला पाणी पुरवायला एकोणिसाव्या शतकात तो खणला. लांबी सुमारे 25 किलोमीटर. डोंगराच्या अंगाला अंग लावून, प्रत्येक घळीत शिरून, प्रत्येक सोंडेला वळसा घालून तो जातो. पाण्याला चढता येत नाही आणि धावूही द्यायचं नाही, म्हणून उतार इतका हलका की डोळ्यांना दिसत नाही. काठावरच्या वाटेलाही तोच उतार. सकाळभर चढ-उतारांनी पिळून काढलेले पाय इथे आपसूक मोकळे होतात.

पाटात ओकचं एक पान पडलं. मी सायकलवरून उतरून त्याच्या बरोबरीने चालत गेलो. माझी साधी चाल आणि पानाची चाल एकच होती. मोजणी करणाऱ्यांनी जंगलातून, खडकांतून, हाताशी असलेल्या साध्या उपकरणांनी ही एवढी नाजूक रेघ ओढली. त्या माणसांना नमस्कारच केला पाहिजे.

मोंत्रयों गावापाशी पाट दरी ओलांडतो. 33 मीटर उंच दगडी कमानींवरून. खाली वाहते ती योन, वरून जातं तेही योनचंच पाणी. खालची धार सरळ निघाली आहे, वरची कालव्यातून फिरून तिला पुन्हा भेटणार आहे.

निव्हर्ने कालव्याचं काम 1784 मध्ये सुरू झालं, तेही लाकडासाठीच. 174 किलोमीटरचा हा कालवा पुरा व्हायला 1840चं दशक उजाडलं. माथ्यावर कोलांसेलचे तीन बोगदे, सर्वांत लांब 758 मीटरचा. त्यापुढे सार्दीची उतरण, जेमतेम तीन किलोमीटरांत 16 जलपाशांची. प्रत्येक जलपाश म्हणजे दारं लावून, पाणी भरून-सोडून नाव वरखाली नेणारी एक पायरी. घोडे नावा ओढत चालायचे त्या काठाच्या वाटेवरून ब्रेक न लावता खाली यायचं. पुढे दरी रुंदावते, पांढऱ्या शारोले गाई कुंपणापाशी येऊन बघत राहतात. ग्रॅनाइट संपतो, चुनखडी सुरू होते, आणि टायरवरची पिवळी वाळू जाऊन पांढरी धूळ बसते.

[संध्याकाळ. क्लामसीचा पूल. पाण्याकडे तोंड करून उभा दगडी पुतळा.]

क्लामसी. पुलावर हा तराफेवाला उभा आहे, हातात लांब आकडी. इथून तराफ्यांचा धंदा 1870च्या दशकात संपला, ओढ्यांत सुटे ओंडके सोडणं 1923च्या सुमारास. रेल्वे आली होती, आणि पॅरिसच्या चुलीत कोळसा.

पण 2015 साली इथल्या लोकांनी जुन्या पद्धतीने ओंडके बांधून 72 मीटरचा तराफा पुन्हा उभा केला आणि तो पाण्यात ढकलला. नदीकाठची गावं बघायला लोटली. तराफा पॅरिसला पोचला.

[कॅमेरा पाण्यावर. एक पान वाहत पुलाखाली जातं.]