किरायाची खोली, आठवड्याच्या तीन पाळ्या

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. टिनाच्या छपरांवरून फिरणारा कॅमेरा. खाली अरुंद गल्ली.]

खारपाणपट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. विहिरीचं पाणी मचूळ, बोअरचं त्याहून खारट. मूत्रपिंडाचे रुग्ण इथल्या गावागावांत आहेत. ज्यांची मूत्रपिंडं जवळजवळ थांबलीत, त्यांना आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, दर खेपेला चार तास, डायलिसिसच्या मशीनवर पडून राहावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार मोफत होतो. योजनेसाठी गावचंच रेशनकार्ड चालतं, ते इकडे हलवायची गरज नाही. धान्यसुद्धा त्याच कार्डावर तालुक्याच्या दुकानातून उचलता येतं.

अडतं ते इथल्या डायलिसिस सेंटरला जाण्यायेण्यात. सकाळची पाळी लवकर लागते आणि खेड्यातली पहिली एसटी त्या वेळेला पोचत नाही. शेवटची पाळी सुटते तेव्हा परतीची गाडी गेलेली असते. जुलैत नाल्याला पूर आला की फाट्यापर्यंतसुद्धा येता येत नाही. पाळी चुकली की रक्तात पोटॅशियम वाढतं, फुप्फुसात पाणी भरतं, आणि माणूस त्यात जाऊ शकतो. म्हणून घरची माणसं तालुक्याला किरायाची खोली शोधतात.

[दृश्य: एका खोलीचं दार उघडतं. आतून वर, टिनाकडे.]

खोली बघायला गेलात तर आधी वर बघा. टिन आहे की स्लॅब?

डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं. चोवीस तासांत जेवढी लघवी होते तेवढं, आणि वर अर्धा लिटर. ज्याची लघवी जवळपास बंद आहे, त्याच्या वाट्याला दिवसभरात अर्ध्या-पाऊण लिटरच्या पुढे काही येत नाही. चहा, ताक, वरणाचं पाणी, बर्फाचा खडा, सगळं त्यातच धरायचं. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाखालची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, हवा कोरडी, घसा सुकतो. हात माठाकडे जातो. एक लिटर जास्तीचं पाणी म्हणजे शरीरात एक किलो. दोन पाळ्यांच्या मधे वजनातली वाढ साधारण दोन-अडीच किलोच्या आत राहावी असं डॉक्टर सांगतात. चार-पाच किलो चढलं, तर मशीनला तेवढं पाणी त्याच चार तासांत ओढावं लागतं. मग रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, पाळी अर्ध्यावर थांबवावी लागते. टिनाच्या खोलीचा किराया कमी असतो हे खरं. पण छपराचा हा हिशोब घराघरांत समजावून सांगायला हवा, आणि तो सांगणारं कोणी नसतं.

स्लॅबची खोली मिळालीच नाही तर टिनाखाली सिलिंग आहे का ते बघावं. नसेल तर तुराट्यांचा ताटवा किंवा जाड कापड ताणून मधे हवेची पोकळी ठेवता येते. कूलरला बाहेरच्या बाजूची खिडकी लागते. आतल्या आत फिरवलेला कूलर खोली दमट करतो, गार करत नाही. आणि मीटर वेगळं आहे का, की मालक युनिटमागे आपला दर लावतो, हे आधीच विचारून घ्यावं.

[दृश्य: नळावर रांग. प्लास्टिकचे ड्रम. वीस लिटरचा कॅन खांद्यावर नेणारा मुलगा.]

छपरानंतर पाणी. नळ कोणाकोणाचा, किती दिवसांआड येतो, आणि मधल्या दिवसांत बोअर वापरावी लागते का? बोअरच्या खाऱ्या पाण्यात मीठ असतं. तेच पाणी भाजीत, वरणात, कणकेत जातं आणि मीठ न घालता मीठ पोटात जातं. त्यानं तहान वाढते, रक्तदाब वाढतो. पिण्याला आणि रांधायला नळयोजनेचं किंवा कॅनचं पाणी, न्हाण्याधुण्याला बोअरचं, अशी वाटणी करावी लागते. त्यासाठी दोन ड्रम मावतील एवढी जागा बघा.

पाणी काढायचं कसं, हेही बघा. मशीनच्या सुया टोचायला रुग्णाच्या एका हातावर फिस्टुला केलेला असतो. धमनी आणि शीर जोडून केलेला हा जोड तयार व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्या हातानं बादली उचलायची नाही, हापशी मारायची नाही, त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, त्यात डायलिसिसखेरीज दुसरी सुई किंवा सलाईन लावू द्यायची नाही, त्यावर झोपायचं नाही. जोड बंद पडला तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि तोवर डायलिसिससाठी मानेत नळी. म्हणून ड्रमला खाली तोटी बसवून घ्यावी. ड्रम दोन विटांच्या थरावर ठेवला की लोटा खाली बसतो आणि वाकावं लागत नाही.

[दृश्य: न्हाणीचा दरवाजा. ओली फरशी. मागच्या अंगणातला संडास.]

मशीनवरून उठलेल्या माणसाला उभं राहिलं की गरगरतं. त्यामुळे माडीवरची खोली नको. दारापुढे तीन उंच पायऱ्या असल्या तरी त्या मोजून घ्या. संडास मागच्या अंगणात असेल तर रात्री दिवा पोचतो का, मधे गटार आहे का, हे दिवसा बघून कळत नाही. संध्याकाळी परत जाऊन बघा. भिंतीला धरायला पाइप लावायचा बेत असेल तर आधी भिंत ठोकून बघा. मातीत रचलेल्या विटांत खिळा धरत नाही, आणि पाइप हातात निघून येतो. तिथे चार पायांची कमोड खुर्ची बरी.

मानेत नळी असेल तर डोक्यावरून पाणी घेता येत नाही. मानेखालीच आंघोळ करावी लागते. त्यासाठी न्हाणीत रबरी बुडांचं स्टूल मावलं पाहिजे.

फरशी सपाट आणि कडक हवी. वजनकाटा शेणानं सारवलेल्या जमिनीवर नीट बसत नाही. रोज सकाळी एकाच जागी, एकाच काट्यावर वजन करायचं असतं. तो आकडाच घरात पाण्याची राखण करतो.

[दृश्य: गल्लीच्या तोंडाशी ऑटो अडकलेला. मागे-पुढे होतो आहे.]

ऑटो दारापर्यंत येतो का? पाणी भरलेल्या फुप्फुसाचा माणूस आडवा होऊ शकत नाही, चालू तर मुळीच शकत नाही. असं बहुतेक रात्रीच होतं. गल्लीतल्या ज्या ऑटोवाल्याचा फोन रात्री लागतो, त्याचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावा.

फ्रिज नसेल तर रक्त वाढवायचं इंजेक्शन घरी ठेवू नये. त्याला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं, गोठूनही चालत नाही. घरमालकाच्या फ्रिजमधे ठेवलं तर दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला लागून नको.

[दृश्य: ओसरी. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो. खाली खुर्चीत घरमालक, समोर बाकावर रुग्णाचा मुलगा.]

आणि मग हा प्रसंग येतो.

“लागट त नाई ना बिमारी?” “मशीन घरी त नाई आनत ना?” “पानी किती लागन?” “अन् उद्या बरंवाईट झालं त?”

सगळे प्रश्न भीतीचे आहेत, आणि बहुतेकांना सरळ उत्तर आहे. मूत्रपिंड निकामी होणं लागट नाही, ताटवाटीनं पसरत नाही. तसं लिहिलेली चिठ्ठी सेंटरच्या डॉक्टरांकडून मागून घ्यावी आणि बोलणी सुरू होण्याआधी पुढे ठेवावी. मशीन सेंटरलाच राहतं. एका पाळीला सुमारे 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं. पण ते सगळं तिथंच खर्च होतं. खोलीत पाणी लागेल ते घरातल्या माणसांपुरतं.

आजार लपवून खोली घेऊ नये. हाताची पट्टी आणि आठवड्यातून तीनदा दारात येणारा ऑटो आठ दिवसांत सगळं सांगून टाकतात, आणि मग मालकाचा राग आजारापेक्षा फसवणुकीचा होतो.

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला 2017 च्या केंद्रीय कायद्यानं त्या कारणावरून किरायाचं घर नाकारता येत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्या कायद्याचा आधार मिळत नाही. तो मिळायला हवा.

[दृश्य: कागदावर सही. शाईचा अंगठा.]

हातात आहे तो कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. त्यातलं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल किरायादार सांगतो ते आधी खरं धरलं जातं. कलम 29 सांगतं की मालकानं पाणी-वीज तोडायची नाही. बहुतेक करार 11 महिन्यांचे होतात. त्यात चार ओळी आपल्या घालून घ्याव्यात. मधे खोली सोडायला लावायची तर एक महिन्याची सूचना. तोटी, दिवा, कमोड खुर्ची यांना परवानगी. डिपॉझिट किती दिवसांत परत. आणि रुग्ण गेला तर उरलेल्या महिन्यांचा किराया लागणार नाही.

ही शेवटची ओळ बोलायला जड जाते. लिहायला एकच ओळ लागते.

[दृश्य: डायलिसिस सेंटरच्या बाहेरचा बाक. नातेवाईक, डबे, पिशव्या.]

खोल्यांची खरी माहिती या बाकावर मिळते. कोणाची खोली सुटते आहे, कोणता मालक पुन्हा रुग्णाला द्यायला तयार आहे, हे इथल्या नातेवाइकांना, वॉर्डातल्या मावशींना आणि बाहेरच्या ऑटोवाल्यांना माहीत असतं. जूनमधे शाळा-कॉलेजची मुलं आणि दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगचे मजूर खोल्या घेऊन टाकतात, म्हणून एप्रिल-मे मधेच विचारायला सुरुवात करावी. पाळ्यांचं वेळापत्रक इथं भिंतीवर लागलेलंच आहे. त्याच्या शेजारी खोल्यांचा एक कागद लावला तरी पुष्कळ होईल. गल्लीचं नाव, टिन की स्लॅब, पायऱ्या किती, संडास आत की बाहेर, नळ किती दिवसांआड, ऑटो दारापर्यंत येतो की नाही.