हॅमंडचा वीतभर हत्ती

पुढ्यात आइस्क्रीम वितळतंय. नातवंडं बाहेर डायनोसॉरच्या रानात अडकलीत आणि हा म्हातारा आपल्या पिसवांच्या सर्कशीची आठवण सांगतोय. इवलासा झोपाळा, इवलासा पाळणा, सगळं मोटरवर फिरायचं. पिसू एकही नव्हती. तरी पोरं म्हणायची, "आई, मला दिसल्या पिसवा!"

१९९३च्या 'ज्युरासिक पार्क' सिनेमातला हा जॉन हॅमंड, डायनोसॉर पुन्हा जन्माला घालून त्यांचं पार्क उभं करणारा. पांढरी दाढी, पांढरे कपडे आणि आजोबांचं हसू. काम केलंय 'गांधी'च्या दिग्दर्शकानं, रिचर्ड ॲटनबरोनं. त्याच्यावर राग धरवत नाही.

मायकेल क्रायटनच्या १९९०च्या कादंबरीत मात्र पिसवा नाहीत, हत्ती आहे. वीतभर उंचीचा, प्रयोगशाळेत बनवलेला, जिवंत. हॅमंड तो पिंजऱ्यात घालून गुंतवणूकदारांकडे नेतो आणि भराभर पैसे उभे करतो. हत्तीला सर्दी सोसत नाही, तो उंदरासारखा चिडका झालाय, तसा दुसरा बनवता येत नाहीये. हे हॅमंड कुणालाच सांगत नाही. या जैवतंत्रज्ञानातून औषधं कशाला बनवायची, असाही त्याचा हिशेब आहे. औषधाच्या किमतीत सरकार नाक खुपसतं, करमणुकीच्या तिकिटाला हवा तो भाव लावता येतो.

सर्कशीतली फसवणूक आपल्याला गोड वाटते. हत्तीची वाटली नसती. माझ्या मते स्पीलबर्गच्या सिनेमानं इथेच हॅमंडला वाचवलं.

बरं, हॅमंडचं पाप धुतलं, मग ते गेलं कुठे? बरंचसं वकील जेनारोच्या माथी. कादंबरीत मुलांना गाडीत टाकून पळतो तो प्रसिद्धी सांभाळणारा एड रेजिस. जेनारो धीराचा आहे, शेवटपर्यंत जगतो. सिनेमात रेजिस नाहीच. पळतो जेनारो, आणि टी-रेक्स हा महाकाय डायनोसॉर त्याला संडासातून उचलतो. लोभी वकील मेला म्हणून आपण सुखावतो, आणि ज्यानं हा सगळा बाजार मांडला तो हेलिकॉप्टरमध्ये बसून काठीच्या मुठीतला अंबर, म्हणजे दगड झालेला झाडाचा चीक, न्याहाळत घरी जातो.

कादंबरीतला हॅमंड घरी जात नाही. दोष कुणाकुणाचा, याची मनात उजळणी करत तो एकटाच चाललाय. तेवढ्यात टी-रेक्सची डरकाळी येते. ध्वनिक्षेपकावरची, नातवंडांच्याच हातून वाजलेली. तो घाबरून उतारावरून घसरतो, घोटा दुखावतो. वर चढता येत नाही. मग झाडीतून कोंबडीएवढे डायनोसॉर येतात, एकेक करून.