कम्युनिटी कॉलेजातून मेकॅनिकल: युनिट नंतर मोजा, आधी स्टॅटिक्स कधी आहे ते बघा

नमस्कार मंडळी. "ताई, कम्युनिटी कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग होतं का?" हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की आज फक्त त्याच्यावरच बोलते. होतं. मी तसंच केलंय. दोन वर्षांच्या जागी तीन वर्षं लागली, आणि ते तिसरं वर्ष का लागलं हेच आज सांगायचंय.

पटकन पाया. मी कॅलिफोर्नियाबद्दल बोलतेय, दुसऱ्या राज्यात नियम वेगळे. इथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. पहिली दोन वर्षं तिथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, किंवा कॅल स्टेटला, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला जायचं, ही वाट राज्याच्या उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून आखलेली आहे. राज्याचे रहिवासी असाल तर युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका क्रेडिटला, ४६ डॉलर. ६० सेमिस्टर युनिटचे २,७६० डॉलर झाले, पुस्तकं आणि पार्किंग वेगळं. क्वार्टरवाल्या, म्हणजे छोट्या सत्रांच्या कॉलेजात ६० ऐवजी ९० युनिट. पदवीवर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं. हे बहुतेकांना माहीत असतं, पुढे जाऊ.

हां, एक सांगते. नाशिकची माझी मावशी विचारते, "म्हणजे आपलं पॉलिटेक्निकच ना? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर?" नाही मावशी. डिप्लोमाचा मुलगा तीन वर्षं मेकॅनिकलचेच विषय शिकतो, वर्कशॉपमध्ये फाइल घासतो, लेथवर उभा राहतो आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात जातो. कम्युनिटी कॉलेजात मेकॅनिकल असं जवळजवळ नसतंच. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं कॅड, आणि मोजके इंजिनिअरिंगचे विषय. पण प्रवेश थेट तिसऱ्या वर्षात. म्हणून त्या मोजक्या विषयांतला एकही राहिला तर दुखतं. आणि सगळ्यात जास्त राहतो तो स्टॅटिक्स, म्हणजे स्थिर वस्तूंवर येणाऱ्या बलांचा विषय.

आता माझं ऐका. पहिल्या वर्षी मी कॅल्क्युलस घेतलं आणि बाकी सगळं जनरल एज्युकेशन: इतिहास, मानसशास्त्र, कलेचा इतिहास, अर्थशास्त्र. ग्रेड छान. समुपदेशकांनी कागद बघून सांगितलं, युनिट उत्तम चाललेत. मला वाटलं, फिजिक्स काय, पुढच्या वर्षी घेऊ. दुसऱ्या वर्षाच्या फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रात, फिजिक्सचा वर्ग भरला आणि मी वेटलिस्टवर अकरावी. जागा मिळाली ती स्प्रिंगमध्ये, दुसऱ्या सत्रात. स्टॅटिक्सला आधी फिजिक्सचं मेकॅनिक्स लागतं, आणि आमच्या कॉलेजात स्टॅटिक्स वर्षातून एकदाच, स्प्रिंगमध्ये. म्हणजे थेट पुढची स्प्रिंग. माझ्याकडे तेव्हा ५८ युनिट होते. बाबांना सांगताना मला नीट बोलताही येईना. ते म्हणाले, "अगं, साठाला दोनच कमी आहेत ना? मग वर्ष कसलं?" त्यांचं चुकत नव्हतं. सगळे युनिटच मोजत होते, मीसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं असं, की युनिट ही बेरीज आहे आणि मेकॅनिकल ही साखळी आहे. कॅल्क्युलस वन, मग कॅल्क्युलस टू आणि सोबत फिजिक्स मेकॅनिक्स, मग स्टॅटिक्स, मग डायनॅमिक्स किंवा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. सेमिस्टरच्या कॉलेजात कॅल्क्युलस वनपासून सुरुवात केली तर स्टॅटिक्स लवकरात लवकर तिसऱ्या सेमिस्टरला येतो. तिसरं सेमिस्टर म्हणजे फॉल. तुमच्या कॉलेजात तो फक्त स्प्रिंगमध्ये असेल तर चौथं. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात असेल तर आणखी एक पाऊल मागे. उन्हाळ्यात एखादं गणित उरकलं नाही तर दोन वर्षांत साखळी पूर्ण होतच नाही, मग तुमच्याकडे साठ युनिट असोत की ऐंशी.

दुसऱ्या बाजूने बघा. यूसीचा ट्रान्सफर अर्ज कधी भरायचा? पुढच्या फॉलसाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे तुमचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं आणि हातात ग्रेड असतात फक्त पहिल्या वर्षाच्या. अर्ज वाचणाऱ्याला दिसतं काय, तर पहिल्या वर्षी काय केलं आणि उरलेल्या दिवसांत काय करणार. तिथे फिजिक्सची ओळ रिकामी आणि कलेच्या इतिहासात ए असेल, तर मेकॅनिकलसाठी त्या ए चा उपयोग फार थोडा. दोन वर्षं म्हणता म्हणता खरं तर निवडीसाठी तुमच्या हातात सव्वा वर्षच असतं!

गेल्या महिन्यात एकाने कमेंट केली, "पण ताई, आयगेट्सी पूर्ण केलं की ट्रान्सफर पक्कं ना?" आयगेट्सी म्हणजे ट्रान्सफरसाठी ठरवून दिलेला जनरल एज्युकेशनच्या कोर्सचा साचा; त्याच्या जागी २०२५ च्या फॉलपासून कॅल-गेट्सी आलंय, ते असो. पक्कं नाही हो. इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्यांना तो साचा सोयीचा आहे. इंजिनिअरिंगला यूसीची कॅम्पस स्वतःच सांगतात की मेजरची, म्हणजे मुख्य शाखेच्या विषयांची, तयारी आधी. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स मात्र हवेतच, ते टाळू नका. बाकीचं जनरल एज्युकेशन युनिव्हर्सिटीत गेल्यावरही करता येतं. कलेचा इतिहास मला मनापासून आवडला, पण तो तिसऱ्या वर्षीही तितकाच आवडला असता.

तिसरी बाजू, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा स्टॅटिक्स नसताना कुठेतरी प्रवेश मिळालाच. तिसऱ्या वर्षी समोर येतं मशीन डिझाइन. एक शाफ्ट, त्यावर एक गिअर, दोन्ही टोकांना बेअरिंग. शाफ्टचा व्यास काढा. पहिली पायरी, दोन्ही बेअरिंगवर किती बल येतं? हे झालं स्टॅटिक्स. मग त्या बलांनी शाफ्ट किती वाकतो, कुठे ताण जास्त येतो? हे स्ट्रेंथ. मग लाखो फेऱ्यांनंतर तो तुटेल का? हे डिझाइन. पहिली पायरीच येत नसेल तर उरलेला तास फळ्याकडे नुसतं बघत बसायचं. म्हणून कॅम्पस तुम्हाला त्या वर्गात बसूच देत नाही. आधी स्टॅटिक्स करा म्हणते, आणि तेच वर्ष युनिव्हर्सिटीच्या फीमध्ये जातं.

आणि विषय काय सुंदर आहे! भिंतीला टेकवलेली शिडी घ्या. जमीन तिला वर ढकलते, घर्षण तिला सरकू देत नाही, भिंत तिला आडवा रेटा देते, शिडीचं वजन खाली, चढणाऱ्या माणसाचं वजन खाली. सगळे बाण कागदावर काढायचे, त्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. बलांची बेरीज शून्य, मोमेंटची, म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या परिणामाची, बेरीज शून्य. एवढ्यावरून कळतं की माणूस जसजसा वर चढतो तसतसा भिंतीचा रेटा वाढतो, म्हणून खाली जास्त घर्षण लागतं, आणि ते पुरेनासं झालं की पाय सटकतो. खालच्या पायऱ्यांवर उभा असताना तीच शिडी हलत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी येऊन गॅरेजमधली शिडी भिंतीला लावून बघत बसले होते.

आता करायचं काय? असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स युनिव्हर्सिटीच्या कुठल्या कोर्सच्या जागी चालतो, याचे करार या साइटवर असतात. डावीकडे युनिव्हर्सिटीचे विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजचे. शाखा मेकॅनिकलच निवडा, नुसतं इंजिनिअरिंग नको. आणि तीन-चार कॅम्पसचे करार शेजारी शेजारी ठेवा, कारण एक कॅम्पस मटेरियल्स मागते, दुसरी सर्किट्स, तिसरी मॅटलॅब. जिथे "नो कोर्स आर्टिक्युलेटेड" दिसेल तिथे तुमच्या कॉलेजात तो विषय नाही किंवा चालत नाही. मग शेजारच्या कम्युनिटी कॉलेजचा करार बघा, तिथे नाव घालता येतं. कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसवर ऑनलाइन वर्गही शोधता येतात. फक्त फिजिक्सची किंवा कॅल्क्युलसची मालिका अर्धी इथे अर्धी तिथे करू नका, विशेषतः सेमिस्टर आणि क्वार्टरची सरमिसळ झाली की जुळवताना फार त्रास होतो.

टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश, सहाच यूसी कॅम्पस देतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो देत नाहीत. त्या सहातल्या सांताक्रूझला मेकॅनिकल शाखाच नाही, आणि इतर ठिकाणीही इंजिनिअरिंगच्या अटी वेगळ्या असतात. त्या दरवर्षी नव्याने वाचा. मुदत १ ते ३० सप्टेंबर.

एका आईची कमेंट होती, "आमची मुलगी एच-फोरवर आहे, चालेल का?" एच-फोर म्हणजे एच-वन व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा. एच-फोरवर शिकता येतं आणि अटी पूर्ण केल्या तर रहिवाशांची फीसुद्धा मिळू शकते. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, ती मिळत नाही. पण एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो आणि ट्रान्सफरची गडबडही त्याच सुमारास असते. वकिलाशी एक वर्ष आधी बोला, ताई. तुमच्या मुलीला एक स्प्रिंग हुकणं फार महागात पडेल.

आणि हे मला बोलायलाच हवं. गणपतीत मंडळात भेटलं की "मुलगा कुठे जातो?" या प्रश्नावर काही आईबाप आवाज खाली करतात. कृपा करून करू नका. तो बाजूलाच उभा असतो, हातात प्रसादाची वाटी घेऊन, आणि त्याला सगळं ऐकू येतं. मीही तशी उभी राहिलेय.

आज एक काम करा. तुमच्या कॉलेजचं वेळापत्रक उघडा, गेल्या दोन वर्षांचं, आणि स्टॅटिक्स कुठल्या सत्रात होता ते बघा. खाली कमेंटमध्ये कॉलेजचं नाव आणि "फॉल", "स्प्रिंग" की "दोन्ही" एवढंच लिहा. मी सगळ्यांची मिळून एक यादी करते आणि पुढच्या रविवारी इथेच लावते.