ब्रिजराज भवनातील पहारा

श्रोतेहो, नमस्कार. राजस्थानातील कोटा शहरात, चंबळ नदीच्या काठावर ब्रिजराज भवन नावाची जुनी वास्तू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती ब्रिटिश रेसिडेन्सी म्हणून, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीचे निवासस्थान म्हणून बांधली गेली, पुढे कोट्याच्या राजघराण्याकडे आली आणि नंतर तिचे हेरिटेज हॉटेल झाले. भुताटकीच्या हॉटेलांची चर्चा आपल्या देशात निघाली की हिचे नाव हटकून येते, आणि ते येते मेजर चार्ल्स बर्टन यांच्यामुळे.

बर्टन हे कोट्यातील इंग्रज राजकीय प्रतिनिधी होते. १८५७च्या उठावात ते कुटुंबासह नीमचला होते. ऑक्टोबरमध्ये ते दोन मुलांना घेऊन कोट्यास परतले आणि काही दिवसांतच, १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, कोटा संस्थानाच्या बंडखोर शिपायांनी रेसिडेन्सीला वेढा घातला. काही तासांच्या प्रतिकारानंतर बाप आणि दोन्ही मुलगे मारले गेले. तेव्हापासून मेजरसाहेब या वास्तूत वावरतात, असे सांगितले जाते. पाहुण्यांना ते त्रास देत नाहीत, मात्र पाळीवर झोपलेल्या पहारेकऱ्याच्या थोबाडीत मारून त्याला जागे करतात. एवढे लक्षात ठेवा : मेजरसाहेब पाहुण्यांच्या वाटेला जात नाहीत, ते झोपलेल्या पहारेकऱ्याला जागे करतात.

मी तेथे एक रात्र राहिलो. ज्यांच्याशी या कथेचा संबंध आहे, त्यांच्याकडूनच ती ऐकावी अशी माझी इच्छा होती. म्हणून मध्यरात्रीनंतर खोलीत पडून न राहता मी नदीकडच्या व्हरांड्यात येऊन बसलो. थोड्या वेळाने काठी टेकवत एक वयस्क पहारेकरी आला. मी त्याला, ‘बाबा, थोडे बसा,’ म्हटले, तेव्हा त्याने हात जोडून नकार दिला आणि खांबाशी उभा राहूनच तो बोलू लागला. रात्रभर उभे राहणाऱ्या माणसाला पाठीला टेकण असलेली एक खुर्ची आणि दोनदा गरम चहा मिळालाच पाहिजे, मग ते हॉटेल असो की बँक, हे माझे फार जुने मत आहे आणि या निमित्ताने ते मी पुन्हा सांगतो.

मी त्याला सरळ विचारले, ‘तुम्हाला कधी थप्पड बसली का?’ तो म्हणाला, ‘साहब, थप्पड तो सोनेवाले को पडती है.’ आपण झोपत नाही, त्यामुळे आपल्याला कधी बसली नाही. मात्र त्याच्या एका जुन्या सोबत्याचा पहाटे डोळा लागला असता गालावर असा तडाखा बसला की डोक्यावरची टोपी पायरीवर जाऊन पडली, आणि आजूबाजूला पाहावे तर कोणीच नव्हते. हे सांगताना त्याने आवाज चढवला नाही की भीती दाखवली नाही. घरातल्या कडक स्वभावाच्या आजोबांविषयी बोलावे, तसे तो बोलत होता.

मग मी विचारले, ‘पण ते पहारेकऱ्यांनाच का मारतात?’ यावर तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला की, ज्या दिवशी हल्ला झाला त्या दिवशी इथले पहारेकरी आणि नोकरचाकर पळून गेले, साहेब दोन मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर एकटा पडला, आणि म्हणून तो अजूनही पाहत असतो की आज पहाऱ्यावर असलेला माणूस जागा आहे की नाही. श्रोतेहो, या कथेविषयी मी पुष्कळ वाचले होते, पण थपडेचे कारण मला त्या रात्री प्रथम कळले. थप्पड पहारेकऱ्यालाच बसते, कारण त्या दिवशी पहारा उरला नव्हता.

मी शेवटी त्याला मुलांविषयी विचारले. साहेब दिसतो असे लोक म्हणतात, मग मुले कोणाला दिसतात का? त्याने मान हलवली. मुले कधीच कोणाला दिसली नाहीत, असे तो म्हणाला, आणि पुढच्या फेरीची वेळ झाली म्हणून काठी उचलून निघाला.

या कथेत एक उणीव मात्र मला फार खुपते, आणि ती बोलून दाखवल्याशिवाय मी हे भाषण संपवू शकत नाही. कोट्याचा उठाव लाला जयदयाल आणि मेहराब खान यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्यांनी शहर मार्च १८५८ पर्यंत, इंग्रज जनरल रॉबर्ट्स यांची फौज येईपर्यंत, हाती राखले. कोट्याचे राजे महाराव रामसिंह यांना बर्टन यांचा जीव वाचवता आला नाही, याची शिक्षा म्हणून त्यांच्या मानाच्या तोफांच्या सलामीतून चार तोफा कमी झाल्या, आणि १८६० मध्ये जयदयाल व मेहराब खान यांना फाशी देण्यात आली. बर्टन यांचे भूत देशभर ठाऊक आहे. जयदयाल आणि मेहराब खान यांची नावे त्याच वास्तूत उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतात. भूत एकाचे उरले आणि नावे दोघांची मागे पडली. म्हणून तेथे जाल तेव्हा ही दोन नावे सोबत घेऊन जा : लाला जयदयाल आणि मेहराब खान.

रात्री आरडाओरडा करत, मोबाइलचे दिवे नाचवत भूत शोधणाऱ्यांमध्ये कृपया सामील होऊ नका. तेथे तीन माणसांचा मृत्यू झाला आहे आणि शेजारच्या खोल्यांतून माणसे झोपलेली असतात. नदीकडच्या व्हरांड्यात शांत बसा आणि पहाऱ्यावरचा माणूस आला तर त्याला आधी चहा विचारा. पहाटे माझा पहारेकरी पाळी संपवून निघाला, तेव्हा मी त्याला वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे एकदा वळून पाहताना पाहिले. मग त्याने काठी पुढच्या माणसाच्या हाती दिली आणि हलक्या आवाजात एवढेच सांगितले, ‘जागते रहना.’