साडेअकराचा माणूस : जॉनी कार्सन

हे चित्रीकरण १९६५ सालचे आहे. ‘डॅनियल बून’ या मालिकेतील नट आणि गायक एड एम्स ‘द टुनाइट शो’च्या मंचावर कुऱ्हाडफेकीचे प्रात्यक्षिक दाखवत आहेत. समोरच्या लाकडी फळीवर माणसाची आकृती रेखाटलेली आहे. एम्स हात उगारतात, कुऱ्हाड गरगरत जाते आणि त्या आकृतीच्या नेमकी नको त्या जागी, दांडा वर करून, रुतून बसते. प्रेक्षागृहात हशाचा स्फोट होतो. ओशाळलेले एम्स कुऱ्हाड काढून आणायला निघतात. इथे नीट पाहावे लागते, कारण शेजारी उभा असलेला सूत्रसंचालक त्यांचा हात धरून त्यांना जागीच थांबवतो. कुऱ्हाड निघाली की हशाही संपला, हे त्याला ठाऊक आहे. तो घाईने काही बोलत नाही, उरलेल्या कुऱ्हाडी धार लावल्यासारख्या एकमेकींवर घासत उभा राहतो. हशा ओसरू लागतो तेव्हा कुठे तो तोंड उघडतो, आणि प्रेक्षागृह पुन्हा कोसळते.

हे जॉनी कार्सन. १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरचा रात्री साडेअकराचा हा कार्यक्रम त्यांनी चालवला.

कार्सन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ रोजी आयोवा राज्यातील कॉर्निंग या लहानशा गावात झाला आणि बालपण नेब्रास्कातील नॉरफोक येथे गेले. बाराव्या वर्षी हाती लागलेल्या जादूच्या पुस्तकाने त्यांना वेड लावले. टपालाने सामान मागवून ते पत्त्यांचे हातखंडे घटवू लागले, आणि चौदाव्या वर्षी ‘द ग्रेट कार्सोनी’ या नावाने गावच्या रोटरी क्लबात प्रयोग करून त्यांनी तीन डॉलर कमावले. प्रेक्षकाची नजर कुठे आहे, ती किती वेळ तिथे ठेवायची आणि गुपित कधी उघडायचे, हे सगळे विनोदाआधी त्यांना जादूने शिकवले, असे त्यांचे जुने कार्यक्रम पाहताना वारंवार वाटते.

दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केल्यावर ते नेब्रास्का विद्यापीठात शिकले. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो विनोदी लेखनाचा, आणि रेडिओवरील नामवंत विनोदवीरांचे नमुने ध्वनिफितीवर जोडून विनोद कसा रचला जातो याचे विश्लेषण केले. त्यांचे दैवत होते विनोदवीर जॅक बेनी, विरामातून हशा वसूल करणारे. पुढे ओमाहा शहरातील रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रावर काम करताना न्यायालयाच्या छपरावरील कबुतरांची ‘मुलाखत’ घेऊन त्यांनी स्थानिक राजकारण्यांच्या भ्रष्टाचाराची टिंगल केली.

१९५१ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि काही काळाने विनोदवीर रेड स्केल्टन यांच्यासाठी लिहू लागले. १९५४ च्या ऑगस्टमध्ये प्रक्षेपणाला जेमतेम तास उरलेला असताना स्केल्टन तालमीत जखमी झाले आणि ऐन वेळी कार्सन यांना उभे करण्यात आले. त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला मोठा कार्यक्रम मात्र वर्षभरही टिकला नाही. ‘हू डू यू ट्रस्ट?’ या प्रश्नमंजुषेने त्यांना स्थैर्य दिले आणि निवेदक एड मॅकमहन हा आयुष्यभराचा जोडीदारही दिला.

मॅकमहन यांची लांबलचक आरोळी, पडद्यामागून झपाट्याने येणारे कार्सन, दिवसाच्या बातम्यांवरचे स्वगत आणि शेवटी हवेतच मारलेला गोल्फचा फटका, हा क्रम अमेरिकी घराघरात झोपेआधीचा नित्यक्रम झाला. मात्र स्वगतातले सगळेच विनोद वठत नसत. एखादा सपशेल पडला की कार्सन टायची गाठ चाचपत, भुवया उंचावून शांतपणे प्रेक्षकांकडे पाहत, आणि मूळ विनोदाला न मिळालेला हशा त्या पाहण्याला मिळे. त्यांचे खरे कसब मला या पडलेल्या विनोदांतच दिसते. नेमके वाक्य लेखक देऊ शकतात, पण वाक्य फसल्यानंतरचे ते दोन क्षण कोणी लिहून देत नाही.

जादूगार त्यांच्यातून कधी गेला नाही. ‘कार्नॅक’ या पात्रात ते भलामोठा फेटा बांधून, बंद पाकीट कपाळाला लावून आधी उत्तर सांगत आणि मग पाकीट फोडून प्रश्न वाचत. (तो फेटा आज भारतीय प्रेक्षकाला थोडा खटकेलही.) १९७३ मध्ये चमचे वाकवण्याचा दावा करणारे उरी गेलर आले, तेव्हा कार्सन यांच्या मंडळींनी आधीच जादूगार जेम्स रँडी यांचा सल्ला घेऊन टेबलावरील वस्तूंना कोणाचा हात लागणार नाही अशी व्यवस्था केली होती. वीसेक मिनिटे काहीच घडले नाही. कार्सन यांनी पाहुण्याचा अपमान केला नाही, फक्त सौजन्याने वाट पाहिली.

नव्या विनोदवीराला त्यांनी शेजारच्या कोचावर बोलावले, तर त्याचे भाग्य उजळे. १९८६ मध्ये एलेन डीजेनेरस यांना पहिल्याच खेपेला तसे बोलावणे आले. त्याच वर्षी कार्सन यांच्या अनुपस्थितीत कार्यक्रम सांभाळणाऱ्या जोन रिव्हर्स यांनी प्रतिस्पर्धी वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला. कार्सन यांना ही बातमी त्यांच्या तोंडून कळली नाही, आणि ते पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. पडद्यावरचा तो समंजस यजमान आणि हा अबोला यांची सांगड घालणे अवघड जाते. निकटच्या लोकांनाही ते अलिप्तच वाटत. चार विवाहांपैकी तीन मोडले. १९९१ मध्ये त्यांचा मुलगा रिचर्ड मोटार अपघातात गेला, तेव्हा काही आठवड्यांनी त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी त्याने टिपलेली निसर्गाची छायाचित्रे दाखवली.

२१ मे १९९२ च्या रात्री रॉबिन विल्यम्स आणि बेट मिडलर हे त्यांचे शेवटचे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हतेच. एका साध्या स्टुलावर बसून त्यांनी निरोप घेतला आणि त्यानंतर ते फारसे दिसले नाहीत. १९९४ मध्ये रात्रीच्याच दुसऱ्या एका कार्यक्रमाचे सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन यांच्या मंचावर ते अचानक आले, टाळ्यांच्या गजरात त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि काही न बोलताच उठून गेले.

आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींनी फुप्फुसे निकामी केली आणि २३ जानेवारी २००५ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ३१ जानेवारीला लेटरमन नेहमीप्रमाणे मंचावर आले, त्यांनी स्वगत सादर केले, प्रेक्षक हसले. नंतर टेबलामागे बसल्यावर त्यांनी सांगितले की आज ऐकवलेले सगळे विनोद निवृत्तीनंतरच्या काळात जॉनी कार्सन यांनी त्यांना घरून लिहून पाठवले होते.